दोन बोटं गोट

तीर्थरूप अक्कास,

बद्रीनाथाचा, गुडघे परवानगी देतील तितका वाकून नमस्कार. तुझ्या गुडघ्यांची चौकशी करत नाही. बारशाला न येण्याचं कारण म्हणून ते परवा फोनवर सविस्तर ऐकले. त्यापाठोपाठ "माझं तिथं काय काम?" असं विचारून, उत्तराची वाट न बघता, तू फोन ठेवलास. म्हणून हे पत्र. पत्र असं मध्येच ठेवून देता येत नाही (येतं, पण लिहिणाऱ्याला कळत नाही).

आमच्या तनुजाच्या लेकीसाठी सुलेखानं गोधडी शिवली आहे. आईच्या दोन लुगड्यांची. टाके सरळ, अंग मऊ. राहिला तो फक्त कडेचा गोट. तो किती रुंद असावा, एवढ्या एका प्रश्नावर आमच्या घरात आठवडाभर षड्दर्शनं नांदत आहेत. आई म्हणायची, गोट दोन बोटं. पण कोणाची बोटं, ते तिनं सांगितलं नाही. सूत्रकार सांगत नसतातच. सुलेखाची दोन बोटं म्हणजे माझं दीड, आणि तिला तर एकच बोट हवं, नाजूक दिसतं म्हणून. शेजारच्या ताहेराभाबी कपडे शिवतात, त्यांना विचारलं. त्या कड चिमटीत धरून म्हणाल्या, "भाईसाब, बारीक गोट लवकर उसवतंय. चार बोटं लावा, लई टिकतंय." त्यावर सुलेखा म्हणाली, "भाबी, पोरीला गोधडी पायजे, सतरंजी नाय." मग दोघींनी माझ्याकडं पाहिलं. माझा अपराध इतकाच, की मी त्या खोलीत होतो.

शास्त्र म्हणतं, आठ जव आडवे मांडले की एक अंगुळ. घरात जव नाहीत, म्हणून मी ज्वारी मांडली. (यंदाची ज्वारी टपोरी आहे. भाकरीला उत्तम, प्रमाणाला नाही.) दोन अंगुळांचा गोट माझ्या तीन बोटांच्या पुढं गेला आणि सुलेखानं प्रमाण गोळा करून दळणात टाकलं. शेवटी मी स्वतःची दोन बोटं ठेवून तिच्या एका जुन्या साडीची पट्टी कापली. नेमकी दोन बोटं रुंद. गोट कडेवरून दोन्ही अंगांना वळतो, त्याच्या कडा आत दुमडतात, वर गोधडीची जाडीही कापड खाते, हे माझ्या वाचनात आलेलं नव्हतं. लावल्यावर गोट दिसेना. गोधडी सुतळीनं आवळल्यासारखी दिसू लागली. ताहेराभाबी ओढणी तोंडाशी धरून घाईनं घरी गेल्या. सुलेखा हसली नाही. साडी माहेरची होती.

आता दोघींचं एका गोष्टीवर एकमत आहे: आईचा हात हुबेहूब तुझ्याकडं आलाय. तेव्हा तू यावंस, बोटं ठेवावीस आणि या घरात मला पुन्हा जेवण मिळू लागावं.

तिकडच्या सर्वांना ज्याच्या त्याच्या वयाप्रमाणं नमस्कार किंवा आशीर्वाद. वाटणी तू करशीलच.

तुझा धाकटा,
बद्रीनाथ

ता. क. तुझा गोकुळ शनिवारी तुला आणायला बिडकीनहून गाडी काढतोय. मागच्या सीटवर गुडघ्याखाली घ्यायला उशी ठेव, असं त्याला सांगितलंय.

आणखी ता. क. मी हे पत्र लिहितोय ते आईनंच शिवलेल्या गोधडीवर बसून. तिचा गोट काल पट्टीनं मोजला, पावणेदोन इंच भरला. हे सुलेखाला पहिल्याच दिवशी ठाऊक होतं, असं ती आता म्हणते.

शेवटचं. त्या मापानं तीन बाजू तिनं काल शिवून टाकल्या. चौथी उघडी आहे, आणि तिला कोणी हात लावायचा नाही असं ठरलंय. तू काम विचारलं होतंस, म्हणून कळवलं.