बारवेच्या पायऱ्या

बोरी, चैत्र १९५३, सोमवार, दिवेलागण

आज भर सभेत मी खोटं बोललो.

दर साली निम्मं गाव नारूनं, पायातून निघणाऱ्या लांब जंतानं, लंगडतं. म्हणून आमच्या ग्रामसुधार मंडळानं बारवेच्या खालच्या पायऱ्या भिंत घालून बंद करायचं ठरवलंय. नारूचा पाय बुडाला की त्याची पिल्लं पाण्यात पडतात, तेच पाणी पिऊन रोग पसरतो; म्हणून पाण्यात कुणाचा पाय नको, वरून रहाटानं शेंदायचं. चिटणीस या नात्यानं मीच हे समजावत होतो. तेवढ्यात पाणी भरणाऱ्या बायकांतून धुरपदाबाई उठल्या.

"मास्तर, आमच्या पायानं पानी नासतंय म्हनता. मंग परवा पायऱ्या मोजायला तुमी पान्यात उतरले, तवा घोट्याला चिंधी कशाची व्हती?"

"काटा मोडला होता."

"लय लांब काटा हाय की! काडीला गुंडाळायलाव का?"

बायका खो-खो हसल्या. नारू असाच रोज थोडा काडीला गुंडाळून काढतात, हे कुणाला ठाऊक नाही? सभा निर्णयाविना उठली.

पाण्यात उतरलो तेव्हा नुसता फोड होता, नारू बाहेर आला नव्हता, असं मी स्वतःला सांगतोय. मग चिंधी का बांधली? कुणाला दिसू नये म्हणूनच ना? आणि चिंधीसकट पाण्यात उतरलो, कॉलेजात शिकलेला मी.

सकाळी बायका पाण्याला येतात तेव्हा बारवेवर जाईन. सांगीन, नारूच होता. पाणी फडक्यानं गाळून प्या. शिव्या देतील, देऊ देत. मास्तराच्या पायानंही पाणी नासतं हे पटलं, तर भिंतही पटेल.

हाही माझा हिशेबीपणाच का? असेल. तरी जाणार.