हातावरची वानगी

राजकोट
ता. २४ नोव्हेंबर २०२४

ती. साधनाताईस,
संघदीपचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्र पाहून हसू नको. तुह्या तोंडात फोड आले, बोलता येत नाही, अन् फोन लावला का आई तो सोताच्याच कानाले लावून रडते. म्हणून मी काम करतो त्या कापसाच्या जिनिंगच्या मुनीमाकडून कागद मागितले. नर्सबाई म्हणे, पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून, स्पिरिटनं पुसून तुह्या काचेच्या खोलीत देईन. आरामानं वाच. अक्षर माह्यं आहे, तवा वेळ लागनच.

तू रागावली असशीन का भाऊ आपल्या पेशी देऊन लगेच पळाला. पळालोच. मोरबीच्या टाइल कारखान्यातून पळालो, आंध्रातल्या बोअरच्या गाडीवरून पळालो, ते कंटाळून. या खेपेले भिऊन पळालो. माह्या एका हातातून रक्त निघून मशीनमधून दुसऱ्या हातात परत येत होतं, अन् मधात जे जमलं ते टमाट्याच्या सारासारखं दिसे. तेवढीशी पिशवी नर्सबाई तुह्या खोलीत घेऊन गेली. एवढ्याशा सारावर माह्या बहिणीचा जीव, हे मले बाकावर बसून पाहवलं नाही.

पण त्याच्या आधी डॉक्टर मॅडमनं मले जे सांगितलं ते तुले सांगायचं राहून गेलं. तुह्या रक्तातला रोग औषधानं बहुतेक मेला, पण जराक कुठं तरी दडून बसला आहे. तो आता माह्या रक्तातल्या शिपाई पेशींनी शोधायचा. मी विचारलं, त्यायले कसं कळन कोणती पेशी रोगट? वरून तं साऱ्या सारख्याच. तवा मॅडम म्हणे, प्रत्येक पेशी आपल्या आत जे काही बनवते त्याचा बारीक तुकडा, आठ-दहा मण्यांच्या माळेएवढा, बाहेर दारात हातावर धरून ठेवते. सारखी. शिपाई दारोदार फिरते अन् हात चाचपते. घरचाच माल असला तं पुढं जाते. भलता तुकडा दिसला का ती पेशी तिथंच खलास.

ताई, मी खुर्चीवरून उभाच राह्यलो. ही तं वानगी झाली! दिवसभर मी दुसरं काय करतो? कापसाची गाडी फाटकात आली का वर चढतो, खोल हात घालून मूठभर उपसतो, तळहातावर धरून शेटच्या माणसाले दाखवतो. त्या मुठीवर अख्ख्या गाडीचा निकाल. किडकी, पिवळी कवडी निघाली, ओल लागली, गाडी माघारी. पण इथं लोक वरून पांढराशुभ्र भरते अन् बोंडअळीनं खाल्लेला खाली दाबते. अंगात तसं नाही. तिथं पेशी आपल्याच पोटातला माल आपणच दारात आणून धरते, चांगला असो का खराब.

अन् तो हात अर्धा आईकडून येते, अर्धा बाबाकडून. शिपायाले ज्या हाताची ओळख असन त्याच हातावरची वानगी वाचता येते. म्हणून तुह्ये-माह्ये हात जुळते का ते पाह्यलं होतं. जुळले, हे काही लहानसहान नाही. लहानपणी एका ताटावरून भांडणारे आपण!

जेवत जा. माह्यावरचा राग ठेव, पण त्याच्या शेजारी मायेलेही जागा असू दे.
तुहा,
संघदीप


नागपूर
ता. ९ डिसेंबर २०२४

चि. संघदीपस,
ताईचे अ. उ. आ. व जयभीम. वि. वि.

तुह्यं पत्र मी दोनदा वाचलं अन् नर्सबाईनं तीनदा. ती म्हणे तुह्या भावानं डॉक्टर व्हायले पाहिजे होतं. मी म्हटलं, सातवीतून पळाला नसता तं झालाही असता.

आता काचेची खोली सुटली. तुह्या पेशी माह्या हाडात रुजल्या, रक्त बनवू लागल्या. दवाखान्याच्या मागं एक खोली केली आहे, मी अन् आई राहतो. दर आठवड्याले तपासणीले जायचं असते. बाबा कापूस वेचाले गावी गेले, घाटंजीकडे माणसं मिळून नाही राह्यले म्हणते. लोहाऱ्याच्या शिलाई कारखान्यातून मैत्रिणींचे फोन येते, माह्यी मशीन रिकामीच ठेवली आहे म्हणे. डोक्यावर एक केस नाही, पण आई तेल लावायचं सोडत नाही.

तुह्यी वानगीची गोठ मले बम्म आवडली. पण आवडली तशी भीतीही वाटली. मॅडम म्हणे फेब्रुवारीत कमरेच्या हाडातून मगज काढून पाहू. तवा कळन, दडलेला रोग तुह्या शिपायांनी शोधला का नाही. नाही शोधला तं आता माह्यापाशी दुसरा मोठा उपाय उरला नाही, हे मॅडमनं आईले बाहेर नेऊन सांगितलं अन् आईनं आत येऊन चेहऱ्यानं मले सांगितलं. म्हणून विचारते, तुहे शिपाई तुह्यासारखे तं नाही ना? काम अर्धं टाकून पळणारे?

थंडीचं कानाले बांधत जा. माया आहेच, तिले पत्रानं खत घालत राह्य.
तुही,
ताई


राजकोट
ता. १८ डिसेंबर २०२४

ती. साधनाताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

शिपायांले नावं ठेवू नको. ते माह्याहून लय शिकलेले आहे. मॅडम सांगत होत्या, छातीच्या हाडामागं त्यायची शाळा असते. तिथं पहिले हे पाहते का पोट्ट्याले हात धरता येते का नाही. ज्याले येत नाही तो नापास. मग पाहते का घरच्याच मालावर धावून जाते का. जो जाते तोही नापास. अन् नापास म्हणजे आपल्यासारखं गुरामागं नाही, नापास म्हणजे मरण. शंभरातले दोन-चार पास होऊन रक्तात उतरते. एवढी कडक शाळा माह्या छातीत भरत होती अन् मी मातर सातवीच्या मास्तरले भेत होतो.

एक गोठ मॅडमनं सांगितली ती मले डाचून राह्यली. आपले हात जुळले, तरी तुहं अंग त्यायले पुरतं ओळखीचं नाही. कधीमधी ते रोग सोडून तुह्याच कातडीवर, पोटावर उठू शकते. त्यायले आवरायच्याच गोळ्या तू घेऊन राह्यली. ताई, माह्या रक्तानं तुह्यावर हात उगारला तं मी गावाले तोंड दाखवणार नाही.

गोळी चुकवू नको. दुरून करतो ती काळजी गोड मानून घे.
तुहा,
संघदीप


नागपूर
ता. ४ जानेवारी २०२५

चि. संघदीपस,
अ. उ. आ. व जयभीम. वि. वि.

हे पत्र वाचून फाडून टाक, अन् आईले फोनवर काही बोलू नको.

आठवडा झाला, माह्ये तळहात लाल झाले. कानामागं अन् तळपायालेही बारीक पुरळ आहे, आग होते. मले पाहताच समजलं का हे तुह्ये शिपाई. पण तू लिहिलं होतं का गावाले तोंड दाखवणार नाही. अन् तू एकदा रुसून निघाला का कोठं जाशीन याचा नेम नाही. बाबा तं म्हणतीनच, पोट्टा रक्तातही भांडते. म्हणून मी कोणाले सांगितलं नाही. घरमालकिणीच्या पोरीले, दिपालीले, मेंदीचा लय नाद आहे. तिच्याकडून दोन्ही हातांवर मनगटापर्यंत मेंदी काढून घेतली. लाल हातावर लाल मेंदी, कोणाले दिसते? पायात मोजे, कानाले रुमाल. परवाच्या तपासणीत मॅडमनं हात पाह्यले अन् म्हणे छान रंगली. आई खूश झाली का पोरीले हौस आली.

तू मनाले लावून घेऊ नको. भाऊ-बहिणीचं भांडण आहे, घरातच मिटन. तुह्या रक्ताले मी चोर ठरू देणार नाही.

रागावू नको. माह्यी माया मेंदीखाली झाकली तरी तेवढीच आहे.
तुही,
ताई


राजकोट
ता. १० जानेवारी २०२५

ती. साधनाताईस,
जयभीम. वि. वि.

काल पत्र हातात पडलं तवाच मी गाडीवरून उडी टाकली अन् आईले फोन लावला. मी आईवर कधी ओरडलो नाही, काल ओरडलो. म्हटलं, तिचे मोजे काढ, रुमाल काढ, अन् आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने. आतापर्यंत मॅडमनं पाह्यलं असन, तरी लिहितो. कारण फोनवर मले नुसतं ओरडताच आलं.

भैताड आहेस तू. मोठी बहीण आहे म्हणून एकदाच म्हणतो.

मी तुले पहिल्या पत्रात लिहिलं होतं का पेशी आपला माल लपवत नाही. ते पुरतं खरं नव्हतं. आईनंतर मॅडमले फोन करून तुह्यं सांगितलं, तवा त्या म्हणे, रोगट पेशीतल्या काही बदमाश निघते. त्या आपला हातच मागं घेते. दारात वानगीच नाही, मग शिपाई काय चाचपीन? तिथून तो रोग फोफावते. अन् शरीर असं सावध का त्याच्यासाठीही दुसरे पहारेकरी ठेवले आहे, जे फक्त हेच पाहते का कोणत्या दारात हात नाही. ज्यानं हात लपवला त्याच्यावर पहिला संशय. अन् तू ताई होऊन काय केलं? हात लपवला. तेही मेंदी काढून, हसून. जे तुह्या अंगातला रोग करते तेच तू डॉक्टरशी केलं.

तोंड दाखवणार नाही हे मी लिहिलं, ते भेव वाटलं म्हणून लिहिलं. तुहा जीव जाऊन माह्यी इज्जत राह्यली तं ती मले कोणत्या बाजारात विकायची आहे? माह्यं रक्त चोर ठरलं तं ठरू दे. तू सारं दाखव. जे लाल आहे ते लाल सांग.

मायेपेक्षा धाकच जास्त झाला या पत्रात. दोन्ही ठेवून घे.
तुहा,
संघदीप


नागपूर
ता. २१ जानेवारी २०२५

चि. संघदीपस,
अ. उ. आ. व जयभीम. वि. वि.

मॅडम तुह्याहून जास्त रागावल्या. म्हणे अजून थोडे दिवस झाकलं असतं तं हे आतड्यात उतरलं असतं, मग आवरणं कठीण. मेंदीच्या रंगानं कातडी आणखी सोलली. दिपाली बिचारी रडत बसली, तिले मीच समजावलं. मलम दिलं, गोळ्या वाढवल्या. आता हात पिवळट पडले, आग गेली.

पण रागावून झाल्यावर मॅडमनं एक वेगळीच गोठ सांगितली. त्या म्हणे, हे भांडण पुरतं मिटवायचं नाही, आवरायचं आहे. कारण जे शिपाई माह्या कातडीत जराकसं परकेपण ओळखते तेच दडलेल्या रोगातलंही परकेपण ओळखते. नजर तीच. अगदीच निजवून टाकले तं रोगाचंही फावन. ज्यायले असं थोडं पुरळ येते त्यायच्यात रोग परतायचं भय कमी दिसते म्हणे. म्हणजे मी ज्याची लाज झाकत होती तो त्यायच्या जागं असण्याचा पुरावा होता. मी त्या दिवशी घरी येऊन किती वेळ तळहाताकडे पाहत होती. आईले वाटलं नजर लागली.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मगज काढतीन. भीती जात नाही. जागं असणं वेगळं अन् सापडणं वेगळं, हे मलेही समजते. बाबा तवा येणार आहे.

तुह्या धाकालेही मी मायेतच जमा केलं.
तुही,
ताई


राजकोट
ता. १६ फेब्रुवारी २०२५

ती. साधनाताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

काल बाबाचं नाव फोनवर दिसलं तवाच मी कापसातला हात बाहेर काढला, कारण बाबा सोताहून कधी फोन करत नाही. अन् केला तं काय, पहिले इथला कापसाचा भाव विचारला, मग थंडीचं विचारलं, अन् मग म्हणे का मगजात रोगाची एकही पेशी सापडली नाही. मी तिथंच कापसात बसलो. खालून ड्रायव्हर हॉर्न वाजवून राह्यला होता, वाजवू दिला. मग तू फोन घेतला अन् सांगितलं का तपासणीत तुह्यं सारं रक्त पुरुषाचं निघालं, एकही पेशी बाईची नाही. अन् आई मागून म्हणे, पोरीले आता मिशा येतीन का. तिचं हसणं मी किती महिन्यांनी ऐकलं. मॅडम म्हणे तपासण्या पुढं चालतच राहणार. चालू दे.

पण ताई, रात्रंदिवस माह्या डोक्यात एकच फिरून राह्यलं. मी मॅडमले विचारलं होतं, त्या शिपायाले तुह्या रोगाचा तुकडा कोणी दाखवला? माह्या अंगात तं तो रोग कधीच नव्हता. मॅडम म्हणे, कोणीच नाही. शरीर एकेक शिपाई वेगळ्या बोटांचा घडवते. जगात जे अजून झालंच नाही, तेही चाचपून ओळखणारा एखादा घडवून ठेवते. त्यातले बहुतेक आपली वानगी न भेटताच फिरून फिरून मरते. ज्याले ती भेटते, त्या एकाचे हजार होते.

म्हणजे तुह्या रोगाले ओळखणारा माह्यात आधीच होता. तुले रोग झाला नव्हता तवाही होता. मी मोरबीत टाइलच्या भट्टीपुढं उभा होतो, बोअरच्या गाडीवर झोपत होतो, लोक म्हणे पोट्टा वाया गेला, अन् तो माह्या रक्तात एका दारावरून दुसऱ्या दारावर जात होता. त्याले माह्यात कुठंच काम नव्हतं. त्याचं दार माह्या अंगात नव्हतंच. ते तुह्या अंगात होतं.

मी चौदा एप्रिलले जयंतीले गावी येतो. तोवर एखाद्या संध्याकाळी, कोणी नसताना, मनगटावर बोट ठेवून पाह्य. तो अजून फिरून राह्यला असन.

माया मागत नाही आता. ती तुह्यात आहे, अन् मीही.
तुहा,
संघदीप