मी नेलेली वेसण

गुरुवार, संध्याकाळ

गावाहून, केमहून परतले. भवानी पेठेत शिरेपर्यंत डोळ्यांपुढे माझाच उघडा तळहात होता. माझ्या धाकट्या भावाच्या, अण्णाच्या बैलाने, हौश्याने, आज माझा हात हुंगलाच नाही. हातावर गूळ होता, तरी नाही.

लहानपणी कॉन्व्हेंटच्या हॉस्टेलमधून सुट्टीला घरी गेले की आमचे बैल आधी माझा हात हुंगायचे, साबणाच्या वासाने फुरफुरायचे. बाबा म्हणायचे, "वळखलं बघ तुला." हौश्यानेही इतकी वर्षं तसंच केलं.

बेंदराला, बैलांच्या सणाला, मीच त्याच्यासाठी लाल नायलॉनची वेसण नेली होती. जुनी सुती वेसण मळकी दिसत होती, एवढंच. नायलॉनने नाक कापलं, जखमेत जंतू शिरले, आता दोन्ही नाकपुड्यांतून पिवळा पू वाहतोय. गुरांचे डॉक्टर म्हणाले, वास येत नाही म्हणून तो वैरणीला तोंड लावत नाही. इंजेक्शनं चालू आहेत. खायला लागला तर वाचेल.

"अरे, काचत होती तर काढली का नाहीस?" मी अण्णावर ओरडलेच.

अण्णा खाली बघत म्हणाला, "आक्का, तू लई हौसेनं आणली हुतीस की. काढू कशी?"



डॉक्टरांनी कापून काढलेली वेसण मी पिशवीत घालून आणली. का आणली? तिथे टाकून येववेना. खोलीभर तिचा कुबट वास सुटलाय. मला येतो. हौश्याला माझ्या हाताचाही येत नाही.