पियूच्या दगडांचं क्रेडिट

९ फेब्रुवारी, रविवार

दगड आले! अख्खं खोकं. सही माझ्याकडून घेतली, दगड पियूचे.

आमच्या धाकट्या बाईसाहेब आता शाळेत बसून अमेरिकेतल्या कॉलेजचं भूगर्भशास्त्र शिकतायत, ऑनलाइन. पास झाली की शाळेतही धरणार आणि कॉलेजचं क्रेडिटही मिळणार — म्हणजे पुढे कॉलेजात गेल्यावर तेवढं कमी शिकायचं. वर्षभरात असे आणखी विषय घेतले की ती थेट दुसऱ्या वर्षात. मी येत्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत कॉलेजला जाणार, ती पुढच्या. म्हणजे ती येईल तेव्हा आम्ही दोघी एकाच वर्गात! हा हिशेब बाबांनी जेवताना मांडला. "दोघी बहिणी बरोबर, काय छान," म्हणाले.

मी अकरावीत होते तेव्हा शाळेत ही सोयच नव्हती. हे मी बोलून दाखवलं. आई म्हणाली, "असू दे गं, तुझं वेगळं." माझं वेगळं म्हणजे काय, ते कुणीतरी सांगा.

१२ फेब्रुवारी

पियूने टेबलावर बसून दगड चाटला. मिठाचा आहे का ते असंच ओळखतात म्हणे. आई पोट धरून हसली. मी लहानपणी खडू खाल्ला होता तेव्हा पाठीत धपाटा बसला होता.

२ मार्च, रविवार

बाबा आम्ही सिंगापूरला आल्यापासून कंपनीच्या बसने जुरोंग आयलंडला कामाला जातात. तिथलं घरी कधी काही बोलत नाहीत. आज पियूने विचारलं, "बाबा, जुरोंग आयलंडच्या खाली काय आहे?" झालं! छोटी छोटी बेटं, मधला समुद्र कसा भरला, भराव खचू नये म्हणून काय केलं — बाबा सुटलेच. चहा गार झाला तरी थांबेनात. पियू हनुवटीला हात लावून ऐकत होती. मी समोरच होते. माझ्या कॉलेजच्या अर्जातला निबंध वाचून हेच बाबा "छान आहे" म्हणाले होते आणि फोन बघायला लागले होते.

मला पण विचारता आलं असतं की. सुचलं नाही, एवढंच.

१९ मार्च

पियूने बॅडमिंटन सोडलं. सराव आणि कॉलेजच्या चाचण्या एकाच दिवशी येतात. पुढच्या वर्षी कॅप्टन होणार होती. मला वाईट वाटायला हवं होतं.

२९ मार्च, शनिवार

मला प्रवेश मिळाला! आईने खीर केली. बाबांनी जवळ घेतलं, डोळे पुसले. आणि लगेच — "आता पियूलाही तिथेच घालू. तिची क्रेडिटं तिथे लावून टाकू."

माझ्या खिरीतसुद्धा तीच.

२ एप्रिल

कॉलेजच्या वेबसाइटवर होस्टेलचं वाचत होते. सहज क्रेडिटचं पान उघडलं. सहज कसलं — मुद्दाम उघडलं. तिथे लिहिलंय: जो विषय शाळा पास होण्यासाठी मोजला गेला, त्याचं क्रेडिट आम्ही देत नाही.

पियूचा विषय शाळेत मोजला जातो. म्हणजे तिला तिथे काही मिळणार नाही. तीही पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करणार, माझ्या मागे.

परत परत वाचलं. कुणाला सांगितलं नाही. रात्री छान झोप लागली, हेही लिहून ठेवते.

१३ एप्रिल, रविवार

सेम्बावांगच्या हॉलमध्ये जयंती झाली. आमच्याकडे जयंतीला हार-गुच्छ आणत नाहीत, वह्या-पेनं आणतात. ती मुलांना वाटतात, आणि ज्याने काही करून दाखवलं त्याला पुढे बोलावून पेन देतात. सुरेशकाकांनी माइकवरून सांगितलं, "आपल्या नागसेनची कन्या प्रियदर्शिनी! शाळेत असतानाच कॉलेज पास!" अजून परीक्षासुद्धा झालेली नाही. बाबांनीच त्यांना आधी सांगून ठेवलं होतं. टाळ्या. पेनांचं तबक कुणी धरायचं? "प्रणिता, ये गं, तू धर."

मी धरलं. मला प्रवेश मिळाल्याचं कुणाच्या लक्षात नव्हतं. प्रेमलामावशी म्हणाली, "धाकटी भारी निघाली हो!" मी हसले. मनात म्हटलं, टाळ्या वाजवा, मला माहिती आहे ते तुम्हाला माहिती नाही.

मग बाबांकडे नजर गेली. ते उभे राहून टाळ्या वाजवत होते, सगळ्यांच्या नंतरही. उद्या खरं कळलं की याच लोकांना ते काय सांगतील? तरी मी काही बोलले नाही. घरी येतानाही नाही.

१४ एप्रिल

सांगायला हवं. आज नाही.

२१ एप्रिल

पियूच्या पुढच्या विषयांची नोंदणी महिनाअखेर बंद होते. बाबा आणखी दोन विषय भरणार. म्हणजे बॅडमिंटन कायमचंच गेलं. माझ्या एका वाक्याने ते वाचेल. मी मूग गिळून बसले आहे. कसली बहीण आहे मी?

२६ एप्रिल, शनिवार

आज सांगितलं. चांगुलपणाने नाही.

जेवताना बाबा म्हणाले, "प्रणिता, पहिल्या वर्षाला विषय कुठले घ्यायचे ते पियूला विचार. तिला कॉलेजचा अनुभव आहे." डोकंच फिरलं. उठून खोलीत गेले. पियू आधीच जेवून दगडांवर व्हिनेगर टाकून फेस येतो का बघत होती. म्हटलं, "ही सगळी मेहनत फुकट आहे. त्या कॉलेजात तुझं क्रेडिट धरत नाहीत. जा, वाच."

तिने वरसुद्धा पाहिलं नाही, तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आय नो लाह, ताई."

"कधीपासून?"

"जानेवारी. काउन्सेलरला विचारलं होतं. तू जिथे जिथे अप्लाय केलंस ना, कुठेच नाही धरत."

"मग बाबांना का नाही सांगितलंस?"

"सांगितलं तर करू देणार नाहीत, व्हॉट. क्रेडिट नाही तर कशाला, म्हणणार." मग हळूच म्हणाली, "ताई, प्लीज डोन्ट टेल. मला आवडतं हे. दॅट्स ऑल."

आणि दगड माझ्यापुढे धरला. "बघ ना, फेस येतोय."

२७ एप्रिल, रविवार

बाबांना सांगितलं नाही. आता सांगणारही नाही. तिला दगड नुसते आवडतात; मला असं नुसतं काय आवडतं?

क्रेडिटचा हेवा वाटत होता तेच बरं होतं.