तीन दिवस शून्य

बाबा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि तुमच्याच तेंदूपत्त्याच्या कामात मी आता कुरखेड्याला मॅनेजर होऊन बसले आहे. तुमचं ते लांबलचक रजिस्टर मीच बंद केलं. व्यापारी दरवर्षी नवे, सकाळचा भाव संध्याकाळी राहत नाही, मग आठवड्याने आकडे मिळून काय करायचं? म्हणून प्रत्येक फळीवर, म्हणजे गावात पानं गोळा होतात तिथे, मोबाइल दिला. पानांचे किती पुडे आले ते मुन्शी भरतात आणि मला लगेच दिसतं. कमी पडलं की पडद्यावर गाव लाल. शेऱ्याचा रकाना मात्र घेतला नाही. शेऱ्यांची बेरीज होत नाही, असं मीटिंगमध्ये ठासून सांगितलं मी.

कॉलेजात असताना तुमच्या रजिस्टरची नक्कल करताना मी तोच रकाना गाळला होता. अंगणात बाजेवर बसून तुम्ही पान उलटलंत. "हे काऊन सोडलं वं? आकडा त कोनीबी लिहीन. मानसं काऊन नाई आले, ते कोन लिहीन?" आईसमोर बोललात म्हणून मी दोन दिवस तुमच्याशी अबोला धरला. अशी नाकावर राग घेऊन फिरणारी होते मी, अजूनही आहे.

या मे महिन्यात एक गाव सलग तीन दिवस शून्य. तिथली मुन्शीबाई तुमच्या हाताखाली शिकलेली. तिला नोटीस गेली: काम असमाधानकारक, खुलासा द्या, नाहीतर फळी काढून घेऊ. खुलासा आला नाही. चौथ्या दिवशी ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, तिचा नवरा मेला ना. मयत झाली त गाव जंगलात जाते का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच गावांत वाढले मी. ही रीत ठाऊक नव्हती असं नाही, शून्य का ते विचारावंसं वाटलं नाही.

तशीच तिच्या घरी गेले. तिने आधी पाणी दिलं. फळी तिच्याकडेच राहील असं मी सांगितलं, आणि म्हटलं, "बाई, ते मशीननं पाठवलं, आपोआप जाते." तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "जाऊ दे माय, मशीनले का समजते? तू आली ना."

परतताना ड्रायव्हरला चहाला पाठवून मी गाडीत एकटीच बसून राहिले. ऑफिसात सगळे मॅडम म्हणतात, घरी कुलूप. रागवायला तरी तुम्ही हवे होता, बाबा. फार एकटं वाटतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून खरं लिहिते. मशीन फक्त गाव लाल करतं. नोटीस मी माझ्या हाताने लिहिली होती, आणि तिला ते अजून सांगितलेलं नाही.