मैदान रिकामं होईपर्यंत

मी, खाली सही करणारा, धंद्याने ड्रमवादक, साठी ओलांडलेला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. भीती मात्र आहे, कारण उद्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. घाबरलेल्या माणसाचं मृत्युपत्र चालतं का, असं मी वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, बहुतेक मृत्युपत्रं तशीच असतात. अंमलबजावणी त्यांनीच करावी.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक बायकोला, तिच्या पश्चात मुलीला. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मागच्या खोलीच्या भिंतींना मी जुन्या गाद्या ठोकल्या आहेत. त्या बायकोने खुशाल उपटाव्यात. लग्नापासून तिच्या डोळ्यांत सलतायत.

२. ड्रम कोणालाच देता येत नाहीत, त्यांचा चुराडा झाला. तो कसा झाला हे लिहिणं भाग आहे.

आमचा मेटल बँड. गिटार कानठळ्या बसवणारी, पण चाल अशी की माणूस घरी जाताना गुणगुणेल. चौघं तरुणपणी एकत्र आलो ते केस गळले तरी एकत्रच. लाइव्ह अल्बम तेवढा राहिला होता. गेल्या वर्षी तो मोकळ्या मैदानावर ध्वनिमुद्रित करायचं ठरलं. सकाळपासून वारा सुटला होता. स्टेजवर टांगलेल्या दिव्यांच्या लोखंडी सांगाड्याबद्दल मी आयोजकाला विचारलं, तर तो म्हणाला, "काका, आता तुमचं वय झालं."

कार्यक्रम निम्म्यावर आला आणि डोक्यावर करकर ऐकू आली. मान वर केली. सांगाड्याची एक तार तुटून हवेत फटके मारत होती. हात थांबवले असते तर सगळी गर्दी एकदम मैदानाच्या दारांवर कोसळली असती. आमचा गायक, त्याला आम्ही भोंगा म्हणतो, नेमका वळला. मी नुसते डोळे वर केले. त्याला कळलं. त्याने माइकवर अगदी सहज सांगितलं, "आता संथ गाणं. मागच्यांनी आधी निघायचं, चालत. मैदान रिकामं होईपर्यंत आम्ही वाजवत राहू."

तेच गाणं आम्ही पुन्हा पुन्हा वाजवलं. माझे पाय लटपटत होते; ऐकणाऱ्याला ते कळेल, ताल मागेपुढे होतो. शेवटची बाई लेकराला कडेवर घेऊन दाराबाहेर गेली, तसे आम्ही थांबलो आणि पळालो. सांगाडा माझ्या ड्रमवर आला. माझा धाकटा भाऊ बेस गिटार वाजवतो. तो वायरींत अडकला आणि त्याचा पाय चिरडला. आता काठी घेऊन चालतो. म्हणतो, "दादा, उभं राहून वाजवायचा कंटाळाच आला होता."

तेव्हापासून मी पंख्याखाली बसत नाही. उद्या टेबलावर आडवा झालो की वर दिवा टांगलेला असणार. सुरीपेक्षा मला त्याचीच धास्ती वाटते. डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही; आत नेऊन दिव्याला लोंबकळून दाखवलं. भीती तरीही गेली नाही.

३. सांगाड्याचा वाकलेला तुकडा माझ्या अंगणात पडला आहे. तो आयोजकाच्या दारात नेऊन ठेवावा. वाहतुकीचा खर्च त्याचा.

४. अल्बममधला माझा हक्क धाकट्याला. अट एवढीच, की माझा चुकलेला ताल दुरुस्त करू नये आणि ती करकरही पुसू नये. अल्बम काढणाऱ्या कंपनीचे साहेब परवा भेटून गेले. शेवटचं गाणं संपल्यावर नुसता वारा ऐकू येतो, ते बरं दिसत नाही, तिथे टाळ्या घालू म्हणाले. मी नको म्हटलं, बघतो म्हणाले. म्हणून लिहून ठेवतो. तिथे टाळ्या घालायच्या नाहीत. वाजवायला कोणी उरलं नव्हतं. सगळे सुखरूप बाहेर पडले होते.

सही: ड्रमवादक (वाकडी आली आहे, पण सही माझीच.)

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली म्हणून:
१. वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर
२. शेजारच्या खाटेवरचे निवृत्त मास्तर

स्थळ: रुग्णालय, खिडकीजवळची खाट
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, दुपार