तुमच्या भावाचे चार शॉकअप

ती. ताईंना आणि भावोजींना नमस्कार.

तुम्ही दोघं खुशाल असाल असं धरून चालते. भावोजींचा खोकला गेला असेल. गेला नसेल तर निदान त्यांनी त्याच्याकडे लक्ष देणं सोडलं असेल, म्हणजे गेल्यासारखाच. इकडे आईंची तब्येत ठणठणीत आहे, माझी बरी आहे, आणि तुमच्या धाकट्या भावाच्या तब्येतीबद्दल लिहायचं तर जीपबद्दल लिहावं लागेल, कारण गेले काही महिने दोघांना वेगळं काढता येत नाही. पत्र लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

आपल्या घराचा रस्ता तुम्हाला माहीत आहे. (रस्ता म्हणायचं ते पोस्टमनचं मन राखण्यासाठी.) डांबर खाली शाळेपाशी संपतं, मग दगड, मग ओढा, ओढ्यात आणखी दगड, आणि शेवटी तो चढ. जीपचे जुने शॉकअ‍ॅब्सॉर्बर पार गेले होते. गॅरेजवाले त्यांना शॉकअप म्हणतात, आता आम्हीही तेच म्हणतो. शॉकअपचं काम एवढंच, की दगडावरून गेल्यावर स्प्रिंग उसळली की तिला धरून शांत करायचं. ते गेले की स्प्रिंगला आवरणारं कुणी उरत नाही. ओढ्यात बसलेला धक्का आमच्या फाटकापर्यंत नाचत यायचा. उतरल्यावरही आईंची मान थोडा वेळ हलत राहायची. शेजारच्या बाईंना वाटायचं, आई आपल्या बोलण्याला होकार देताहेत, आणि त्याच गैरसमजातून त्यांच्या दोन मांजरी सध्या आमच्याकडे राहायला आहेत.

गॅरेजवाल्यांनी साधा उपाय सांगितला होता. नेहमीचे बंद शॉकअप घ्या, सकाळी गाडी सोडा, संध्याकाळी घेऊन जा. कुणीही शहाण्या माणसाने मान डोलावली असती. पण तुमचा भाऊ पडला दातांचा डॉक्टर. (घरातही मी हल्ली त्यांना डॉक्टरच म्हणते; नवरा म्हणून हाक मारली तर ऐकू जात नाही.) एकदा बिघडला की फेकून द्यायचा, हे त्यांना दाताच्या बाबतीत सहन होत नाही, तर शॉकअपच्या बाबतीत कसं होणार? त्यांचं म्हणणं, शॉकअप असा हवा की जो उघडता येईल, आतलं तेल बदलता येईल, सील झिजलं तर नवं घालता येईल. शिवाय बाहेरून फिरवायची चकती हवी, म्हणजे रस्ता पाहून मऊ किंवा कडक करता येतो. एकेका खटक्याने. हा खटका शब्द लक्षात ठेवा. आमच्या घरात सध्या तो मिठापेक्षा जास्त लागतो.

मग निवड सुरू झाली. ताई, मला पसंत करताना तुम्ही सगळे आला होतात, आणि पोहे संपायच्या आत निर्णय झाला होता, आठवतंय? शॉकअपच्या बाबतीत तसं झालं नाही. एकात तेलाची टाकी वेगळी होती पण दांडा बारीक. दुसऱ्याचा दांडा छान, पण खटके कमी. तिसऱ्यात सगळं होतं, पण त्याची सीलं मिळतील का, याची खात्री नव्हती. आणि ज्याची सीलं मिळत नाहीत तो उघडता आला काय, न आला काय, यावर मला जेवताना एक संपूर्ण व्याख्यान ऐकावं लागलं. मी मध्येच वाढू का विचारलं, तर म्हणाले, नको, जास्त कडक होईल.

अशात गॅरेजवाल्यांची दाढ दुखायला लागली. बिचारे आमच्या दवाखान्यात खुर्चीवर आडवे झाले, आणि तोंडात कापूस कोंबल्यावर डॉक्टरांनी दिवा त्यांच्या डोळ्यांवर घेऊन विचारलं, पुढचे मऊ ठेवायचे की कडक. ते "आँ" म्हणाले. डॉक्टरांनी त्याचा अर्थ मऊ असा घेतला. मागचे? पुन्हा "आँ". टाकी वेगळी असलेलेच घ्यावेत ना? यावर त्यांनी हातही हलवला. (थुंकायचं होतं, असं नंतर कळलं.) बाहेर आल्यावर गाल धरून ते मला म्हणाले, "वहिनी, दाढ भरली हे कळलं. पण ऑर्डर नक्की कुणी दिली?"

खोकं आलं तेव्हा आईंनी पुढाकार घेऊन जेवणाचं टेबल रिकामं करून दिलं. चार शॉकअप ओळीने मांडले. दिसायला देखणे, हे मान्य करायला हवं. गॅरेजवाल्यांनी निक्षून सांगितलं होतं, की आत गॅस दाबून भरलेला आहे, उगाच उघडू नका. पण उघडता येतो म्हणून घेतलेली वस्तू न उघडता बसवायची, हे डॉक्टरांना पटेना. डोक्याला दिवा, हातात मोजे, शेजारी दात कोरायची हत्यारं. गॅस त्यांनी अगदी सांभाळून सोडला, त्याबद्दल मी त्यांना पूर्ण गुण देते. मग दांडा ओढला. तो थोडा आला, थांबला, आणि नंतर एकदम आला. तेल टेबलक्लॉथवर, भिंतीवर, आणि वर्तमानपत्र वाचत बसलेल्या आईंच्या चष्म्यावर. आईंनी चष्मा पुसला आणि शांतपणे विचारलं, "पेशंटला आधी सुई द्यायची राहिली का रे?" जोडणी मात्र त्यांनी सुरेख केली. फक्त गॅस घरात भरता येत नाही, हे तेव्हा ध्यानात आलं. तो एकटा शॉकअप टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन, बसने शहरात नेऊन आणावा लागला. बसमध्ये एका बाईंनी त्यांना बसायला जागा दिली, म्हणे.

शॉकअप बसले आणि चाचण्या सुरू झाल्या. पद्धत अशी, की आई पुढच्या सीटवर, मांडीवर काठोकाठ पाण्याचं पातेलं, डॉक्टर चालवणार, आणि किती पाणी सांडलं यावरून खटके ठरणार. मी विरोध केला. आईंनीच मला गप्प केलं. या वयात कुणीतरी आपल्याला विचारतंय, तर तू मध्ये पडू नकोस, म्हणाल्या. आणि ताई, तुमच्या आईंना त्यातलं कळतं. पहिल्या फेरीनंतर ओल्या पदराने उतरून म्हणाल्या, "पुढचं ठीक आहे. मागून मात्र कुणीतरी ढकलतंय." डॉक्टरांनी मागची चकती दोन खटके कडक केली. ढकलणारा गेला. आता गॅरेजवाले दुसऱ्यांच्या जीपसुद्धा आईंना बसवून बघायला आणतात, आणि आई पातेलं घेऊन निघतात.

एका रविवारी मात्र डॉक्टरांचा आत्मविश्वास फार वाढला. सगळं अगदी मऊ करून ते ओढ्यात उतरले. जीप पहिल्या दगडावर मऊ बसली, दुसऱ्यावर आणखी मऊ बसली, आणि तिसऱ्यावर जी बसली ती उठेचना. पोटाखाली दगड, चाकं पाण्यात. मी काठावर. डॉक्टर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आईंना उचलायला आले, तर त्या म्हणाल्या, मला हात लावू नकोस, अजून पाणी सांडलेलं नाही. गॅरेजवाले दोर घेऊन येईपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या. नंतर ते म्हणाले, आजवर अनेकांना ओढून काढलं, पण ओढून काढल्यावर कुणी मांडीवरच्या पातेल्यातलं पाणी प्यायला दिलं नव्हतं.

मी हसत होते, ताई. गेले कित्येक महिने हसतेच आहे. हा सगळा खटाटोप दगडांसाठी आहे, असंच मी धरून चालले होते. विचारलं की तेही हेच सांगत. मग परवा त्यांनी मला चालवायला बसवलं. स्वतः मागे, डावीकडे बसले. पाठीला एक जाड उशी घेतली, डोळे मिटले, आणि म्हणाले, चल, ओढ्यातून ने, हळू नको, नेहमीसारखं. वर आल्यावर उतरले, मागच्या चकत्या फिरवल्या, पुन्हा बसले. असं तीनदा झालं. शेवटी मी विचारलं, की चालवणारे तुम्ही, पुढे बसणाऱ्या आई, मग मागच्या सीटचं एवढं काय आहे?

चकतीकडे बघतच ते म्हणाले, "ताई तिथे बसली होती."

मागच्या खेपेला चढावर तो दणका बसला, तुमच्या पाठीतली चकती सरकली, इतके दिवस तुम्ही अंथरुणावर काढलेत, आणि तेव्हापासून तुम्ही इकडे आला नाहीत. तुम्ही कधी दोष दिला नाही. उलट हसून म्हणालात, की आता मला वर यायचं तर पालखी पाठवा. तुम्ही विसरलात. जीप चालवणारा नाही विसरला. आईंना सगळं आधीपासून ठाऊक होतं. त्या पातेलं कशासाठी धरत होत्या, हे मलाच सगळ्यांत शेवटी कळलं.

तर ताई, या. डॉक्टरांचं म्हणणं, तुमच्या हातात भरलेला कप देऊन तुम्हाला फाटकापर्यंत आणता येईल. मी बशीही देईन. मांजरींची तयारी ठेवा, आणि भावोजींना खोकल्यासकट आणा.

तुमची,
वहिनी

ता. क. आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. मागच्या शॉकअपवर आणखी एक रिंग असते. ती मागे बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे आवळायची असते, आणि अंदाज चालत नाही. तेव्हा तुमचं सध्याचं वजन कळवावं. तुमच्या भावाने दोनदा फोन उचलला आणि दोन्ही वेळा तुम्हाला हवापाणी विचारून ठेवून दिला. मोठ्या बहिणीला वजन विचारण्याची त्यांची हिंमत नाही. ही कामगिरी माझ्यावर आली.

ता. क. २. आईंनी त्यांचा अंदाज सांगितला आहे. तो मी इथे लिहीत नाही. घरात अजून आपल्या सगळ्यांना एकत्र राहायचं आहे.

ता. क. ३. मागच्या सीटला जे खटके डॉक्टरांनी शेवटी नक्की केले आणि ज्यांचं ते गॅरेजमध्ये कौतुक सांगत असतात, ते त्यांचे नाहीत. ते भाजी आणायला गेले की मी एक खटका मऊ करते. आई मागे बसून बघतात आणि मान हलवतात. (आता ती खरोखरच होकाराने हलते.) कृपया हे बोलू नये.

ता. क. ४. वजन बॅगेसकट लिहिलंत तरी चालेल. बॅग किती जड होती, हे इथे कुणी विचारणार नाही.